इंदिराबाईच्या हरभऱ्यातला शेपू

तानुबाईच्या हाताला शेपूचा वास येतो. राखेनं घासा, साबणानं धुवा, जात नाही. मुडबीतल्या अर्ध्या गावानं जन्मल्यावर पहिला वास घेतला तो हाच. मीही त्यातलीच. माझी आई सांगते की तानुबाईच्या हातात मी गप्प असायची आणि आईकडं दिलं की भोकाड पसरायची.

बाई चणीनं बारकी. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. बोलताना समोरच्याकडं बघत नाही, हातातल्या कामाकडं बघते, त्यामुळं बोलणाऱ्याला वाटतं हिचं लक्ष नाही. असतं. नवऱ्याचं नाव सिद्धाप्पा. त्याच्या आज्याकडं मोठा कळप होता. बापाच्या काळात मेंढरं गेली आणि मागं एक घोंगडं, एक काठी आणि काळ्या रानाचा तुकडा राहिला. सिद्धाप्पा ते रान करतो आणि बाकी दिवस लोकांच्या बांधावर राबतो. तानुबाईला सासूकडून वाटणी मिळाली ती निराळीच. बाळंतिणीला न्हाऊ घालणं, अंग चोळणं, शेक आणि धुरी देणं. त्या सगळ्यात शेपू.

शेपू सगळ्यांना सोसत नाही. काही जण वासानंच ताट सरकवतात, काहींना दिवसभर ढेकर येतात. तानुबाईच्या घरात मात्र तो मुगाच्या डाळीत पडतो, लसणाच्या फोडणीत पडतो, ज्वारीच्या पिठातसुद्धा मळला जातो. त्याचं बी म्हणजे बाळंतशोपा. ते तव्यावर भाजून बाळंतिणीनं जेवल्यावर चावायचं, म्हणजे दूध उतरतं. बाळाचं पोट फुगलं तर तेलात कढवून ते कोमट तेल बेंबीभोवती फिरवायचं. बाळाच्या तोंडात मात्र आईच्या दुधाशिवाय काही घालायचं नाही. हे तिचं इतकं कडक, की घुटी घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना तिनं खोलीच्या दारातून परत पाठवलंय.

आता हे झालं पोटाचं. दुसरंही आहे. बी पिवळ्या फडक्यात बांधून पाळण्याच्या दोरीला लावायचं, म्हणजे नजर लागत नाही. अमावस्येला चिमूटभर उंबऱ्यावर. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते तेव्हा पदराच्या टोकाला गाठीत. नव्या नवरीनं सासरचा उंबरा ओलांडताना तोंडात दोन दाणे धरले तर सासूला उलट उत्तर जात नाही. का जात नाही, असं मी विचारलं होतं.

"तोंडात दाणे हायत म्हणून," ती म्हणाली. "कसं बोलंल?"

आणि पुरचुंडीनं खरंच नजर टळते का, तर म्हणाली, वासानं दोरीवर मुंग्या चढत नाहीत एवढं मला ठाऊक. पुरचुंडी बघून आईला झोप लागते. झोप लागली की दूध येतं. मग कुणी म्हणालं नजर उतरली, तर म्हणू दे.

एवढं ऐकून वाटेल की बाई प्रेमळ. कामापुरती प्रेमळ आहेच. पण तिचं कुणी वाईट केलं तर ते ती उन्हात वाळवून, पाखडून, डब्यात भरून ठेवते.

इंदिराबाई ही नरसिंगअण्णांची बायको. एकाच समाजातली घरं, पण नरसिंगअण्णांकडं रान वाढलं, बोअर लागलं, ट्रॅक्टर आला. तरी येणं-जाणं होतं. तानुबाईच्या लेकीचं, तुळजाचं लग्न इंदिराबाईनंच आपल्या मावसबहिणीच्या, बिदरच्या मैलूरला राहणाऱ्या शिवकन्याच्या पोराशी जमवलं होतं. आणि इंदिराबाईची सून स्नेहा बाळंत झाली तेव्हा शेकाला तानुबाईशिवाय दुसरी कोण येणार?

सगळं नीट चाललं होतं. एका दुपारी तानुबाई घरी गेलेली असताना इंदिराबाईनं नातवाला मधाचं बोट चाटवलं. वर वाटीभर गाईचं दूध चमच्यानं पाजलं. पोर किरकिरतंय, सुनेचं दूध पुरत नाही, असं तिला वाटलं. रात्रीतून पोराला जुलाब. बिदरला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर वाचलं, बाळसंही धरलं. पण मुलगा नागेश आईकडं बघायचा त्या नजरेला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

ते उत्तर इंदिराबाईनं बारशात दिलं. पाळण्याभोवती गावच्या बाया बसलेल्या. तानुबाई पुरचुंडी बांधायला उठली, तेवढ्यात इंदिराबाईनं तिच्या हातातून ती ओढून घेतली आणि दारातून उकिरड्याकडं फेकली. म्हणाली, ह्या शेपूत हिनं काहीतरी घातलंय. हिचं पहिलं पोर पाळण्यातच गेलं, तेव्हापासून दुसऱ्याचं भरलेलं घर हिला बघवत न्हाई. हिच्या शेपूला हात लावाल तर पस्तावाल.

स्नेहा मान खाली घालून बसली. तिला मध माहीत होता, दूध माहीत होतं. पण ती सून होती आणि बारसं तिच्या पोराचं होतं.

तानुबाईनं पदर सावरला आणि घरी आली. त्या दिवसानंतर तिला पाळण्यावर कुणी बोलावलं नाही. ते तिनं सोसलं असतं. पण ते बोलणं मैलूरलाही पोचलं, आणि तुळजाला तेव्हा सातवा महिना सरत होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तानुबाई साडी-चोळी घेऊन लेकीला आणायला मैलूरला गेली. शिवकन्यानं पाटावर बसवलं, चहा दिला, तब्येत विचारली. मग आपला कप उचलता उचलता म्हणाली, तुळजा इथंच राहू दे, इथं दवाखाना जवळ हाय. तुळजा आतल्या दारात उभी. डोळ्यांनी आईला विचारत होती, आई आपल्या चहाच्या कपाकडं बघत होती.

तुळजा बाळंत झाल्याचं तानुबाईला पोर दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं. बारशाला ती गेली. भाजलेल्या बाळंतशोपाचं गाठोडं घेऊन, कारण रिकाम्या हातानं आई कशी जाईल? गाठोडं कुणीतरी तिच्या हातातून घेतलं आणि बाहेर चपलांच्या रांगेत ठेवलं. नातू लांबून दाखवला. निघताना तिनं गाठोडं उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि बस धरली.

सिद्धाप्पा म्हणाला, "जाऊ दे. सोडून दे."

"कुठं सोडू?" तानुबाई म्हणाली.

जागा तिला येळवसला सापडली.

येळवस म्हणजे आमच्याकडचा रानातला सण. हरभरा घाट्यावर यायला लागलेला, ज्वारी कंबरेला. गाव ओस पडतं आणि सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे झोपडी बांधायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे आणि आंबिलीचा निवद दाखवायचा. भज्जी म्हणजे त्या रानात जे जे उगवलंय त्या सगळ्याची एकत्र शिजवलेली पातळ भाजी. आणि त्या दिवशी कुणीही कुणाच्याही रानात जातं. दुश्मन आला तरी त्याला वाढायचं. येळवसचा माणूस उपाशी उठला तर रान रुसतं, असं मानतात.

तानुबाई सरळ नरसिंगअण्णांच्या कोपीवर गेली. इंदिराबाईला वाढावं लागलं. तानुबाई पोटभर जेवली, आंबील मागून घेतली, पांडवांच्या पाया पडली आणि कोपीला सावकाश फेरा घातला. पदराच्या गाठीत कच्चं बाळंतशोपा होतं, स्वतःच्या रानातलं. चालताना गाठ सोडून बोटं सैल ठेवली होती, एवढंच. वर बांधाकडून परत आली तीही हरभऱ्याच्या सऱ्यांमधून.

बी जमिनीत निजून राहिलं. पावसाळा गेला, हरभरा पेरला आणि त्याच्याबरोबर कोपीच्या जागेभोवती शेपू उगवला. हिरवागार, बारीक जाळीचा, कुणीतरी मुद्दाम आळं करून लावल्यासारखा.

इंदिराबाई खुरपणीच्या बायांना घेऊन रानात गेली आणि उभी राहिली. नरसिंगअण्णा म्हणाले, उपटा आणि घरी न्या, रात्री भाजी करा. इंदिराबाईनं त्यांचा हात धरला. खुरपणीच्या बाया तर सरीच्या पलीकडं सरकल्या. त्यांना इंदिराबाईनंच सांगितलं होतं, तानुबाईच्या शेपूला हात लावाल तर पस्तावाल.

"अक्का, आमालाबी लेकरं हायत," त्यातली एक म्हणाली आणि खुरपं कमरेला खोचलं.

नागेशनं फवारणीचं काढलं. पण शेपू मरेल असं औषध मारलं तर हरभराही जळतो. मग इंदिराबाई गाणगापूरला जाऊन आली. अंगारा आणला आणि शेपूभोवती चांगला ओंजळी ओंजळीनं टाकला. शेपू आणखी तरारला. त्याला छत्र्यांसारखी पिवळी फुलं आली, फुलांचं बी झालं, बी पिकून गळलं. हरभरा काढल्यावर नागेशनं कुळव फिरवला आणि ते बी घरच्या ट्रॅक्टरनं सगळ्या रानात व्यवस्थित पसरलं.

तानुबाईला पुन्हा काही करावं लागलं नाही. ती फक्त दर दोन-चार दिवसांनी त्या बांधावरून जायची. डोक्यावर गवताचा भारा असायचा. थांबायची नाही. सिद्धाप्पानं एकदा विचारलं, बास की आता? ती म्हणाली, मी काय केलंय? शेपू हाय, उगवणारच. कुणी खाल्ला न्हाई तर काय करणार?

खरी गोष्ट एवढीच होती. शेपू फुलायच्या आधी उपटून ताटात घेतला असता तर एका हंगामात संपला असता. इंदिराबाईला ते कळत नव्हतं असंही नाही, शेतकऱ्याची बायको होती. पण ताटात घ्यायचा म्हणजे बारशातलं बोलणं गिळायचं. ती वाट बघत राहिली. पुढच्या रब्बीला अर्ध्या हरभऱ्यात शेपू उभा राहिला आणि गावातली एकही बाई त्या रानात खुरपायला येईना.

तुळजाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. त्याच हिवाळ्यात सातवा लागला. फोनवर ती आईला म्हणाली, माय, ह्या खेपंला मला ने. पहिल्या वेळी खोलीत कुणी नव्हतं, सासूबाई दाराशी बसून टीव्ही बघायच्या, माझी पाठ धरली की भिंतीला लावून बसायची मी. तानुबाईनं ऐकून घेतलं. बघते, म्हणाली. फोन ठेवला आणि बराच वेळ तव्यावर बी भाजत बसली.

येळवस आली. शिवकन्या आणि तिचे यजमान मैलूरहून इंदिराबाईच्या रानात जेवायला येणार, हे गावात आधीच फिरलं होतं. तानुबाई त्यांच्यानंतर पोचली. सिद्धाप्पा मागं, काठी टेकत, नको त्या जागी आल्यासारखा.

कोपीपुढं पंगत. नरसिंगअण्णा, नागेश, पाहुणे, आणि येळवसपुरत्या आलेल्या, अंतर ठेवून बसलेल्या दोन-तीन मजूर बाया. स्नेहा वाढत होती, तिचं पोर पांडवांपुढचा चुना बोटानं खरवडत होतं. इंदिराबाईनं तानुबाईपुढं पत्रावळ ठेवली, द्रोणात भज्जी वाढली. तानुबाईनं बोटानं भज्जी ढवळली, बघितली आणि द्रोण थोडा पुढं सरकवला.

"जेव की," नरसिंगअण्णा म्हणाले.

"जेवते अण्णा. पर भज्जी अर्धीच हाय."

"अर्धी कामून?"

"तूर हाय, हरभरा हाय, कांद्याची पात हाय, बांधावरची पाथरी हाय. येळवसच्या भज्जीत रानातलं समदं पडतंय. ह्यो तुमच्या मांडीला लागून उभा हाय, त्यो कुठाय?"

शेपू खरोखरच नरसिंगअण्णांच्या धोतराला टेकला होता. त्यांनी मांडी आवरली.

"त्यो आमी पेरला न्हाई," इंदिराबाई म्हणाली.

"पाथरी कुणी पेरली, अक्का?"

पंगतीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. शिवकन्याचा घास हातातच राहिला होता. तिनं आधी शेपूकडं बघितलं, मग साऱ्या रानभर बघितलं.

मजूर बायांपैकी एकीनं हळूच सांगितलं, त्यात हाय म्हणं काहीतरी, अक्काच बोललेल्या.

"इंदिरा," शिवकन्या म्हणाली, "काय हाय गं त्यात?"

इंदिराबाईच्या हातात पळी होती. आता तिनं करणी म्हणावं, तर भांड्यातला हरभरा त्याच मातीतला, शेपूच्या मुळांना मुळं गुंतलेला, आणि तो पाहुण्यांच्या पोटात गेलेला. भाजी म्हणावं, तर बारसं खोटं.

"काई न्हाई," ती म्हणाली. "भाजी हाय."

"आयकू आलं न्हाई," तानुबाई म्हणाली. ती पत्रावळीकडंच बघत होती.

"भाजी हाय म्हटलं की."

"मग उपट. घाल."

नागेश उठायला लागला. तानुबाईनं त्याला खाली बसायला सांगितलं, तू न्हाई बाबा, तुझी माय उपटंल. इंदिराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नरसिंगअण्णा आंबील पीत होते, खाली बघून, फार मन लावून. ती वाकली. पहिल्यांदा दोन बोटांनी धरलं, मग मुठीनं. माती झटकली, घागरीतलं पाणी ओतून धुतलं, मोडून भांड्यात टाकलं. चुलीत काटक्या सारल्या. उकळी आली. मग वास सुटला, तोच, ओला, तिखट, बाळंतिणीच्या खोलीचा.

"आदी तू," तानुबाई म्हणाली.

इंदिराबाईनं उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानंही असेल. तिच्या जवळ उभ्या असलेल्या स्नेहानं दोन वर्षांत तोंडातून न काढलेलं वाक्य तेव्हा काढलं, तेही पळीनं भज्जी हलवत, कुणाकडं न बघता.

"मध आत्याबाईंनी चाटवला हुता. दूधबी. तानुमावशी तवा घरी गेल्या हुत्या."

नागेशनं आईकडं बघितलं नाही. पोराला उचललं आणि बांधाकडं चालत गेला.

शिवकन्या हुशार बाई. तिनं दुसरा घास घेतला, चावला, पाण्याचा घोट घेतला आणि साखरेसारख्या आवाजात विहिणीला विचारलं, "मग ईनबाई, तुळजाला न्यायला कधी येतासा?"

"मी येणार न्हाई."

सिद्धाप्पानं चमकून बघितलं. लेकीला आणायला आईनं जायचं, ही रीत.

"गेल्या खेपंला आल्ते," तानुबाई म्हणाली. "चहा पिऊन परत गेले. आता तुमी आणून सोडा. माझ्या दारात, तुमच्या हातानं. आन गल्लीतल्या चार बाया बसल्या असतील, त्यांच्यापुढं सांगा की कामून आनलीय."

शिवकन्याच्या यजमानांनी घसा खाकरला. शिवकन्या म्हणाली, आणते. मग तानुबाई जेवली. द्रोण दोनदा भरून घेतला.

उठताना इंदिराबाई तिच्या मागं बांधापर्यंत आली. आवाज बारीक करून म्हणाली, "तानू, झालं न्हवं तुझ्या मनासारखं? आता हे रानातलं काढ."

"माझ्या हातात काय हाय? बी धरायच्या आदी उपटायचं, खायाचं. ह्या साली, फुडच्या साली, त्याच्या फुडच्या साली. राहिलेलं उगवत ऱ्हातंय."

"रोज शेपू खाऊ काय आमी?"

"खावा. बाळंतपणाला चांगला असतोय, तुमाला काय हुतंय."

शिवकन्या तुळजाला घेऊन आली ती दुपारच्या उन्हात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. ओसरीवर बाया बसल्या होत्या. तानुबाईनं त्यांना शेंगा सोलायला बोलावलं होतं आणि शेंगा फारशा नव्हत्या. शिवकन्यानं सांगायचं ते सांगितलं. तानुबाईनं तिला चहा दिला.

तुळजाला मुलगी झाली. सिद्धाप्पानं आज्याचं घोंगडं झाडून बाजेवर घातलं. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर चिमूटभर बी, आणि तानुबाईचे हात तुळजाच्या पाठीवर, मानेपासून खाली, परत वर. गावातल्या बाया पुन्हा विचारायला येऊ लागल्या होत्या. नरसिंगअण्णांच्या घरात हिवाळाभर रोज शेपू शिजतो आणि अण्णा जेवायला हावगेप्पाच्या हॉटेलात जातात, हीही बातमी त्यांनीच आणली होती. तानुबाई हे ऐकताना हसली नाही, पण सांगणाऱ्या बाईला आणखी एकदा सांगायला लावलं.

"माय," तुळजा उशीत तोंड खुपसून म्हणाली, "खरं सांग. बी तूच टाकलंस न्हवं?"

"हं."

"त्यांचं रान गेलं गं. औंदा अर्धा हरभरा हातात आला न्हाई. आता इंदिराबाई सगळ्यांपुढं भाजी हाय म्हणून बसल्या. बास कर की."

तानुबाईचे हात थांबले नाहीत. "तुझा थोरला माझ्या मांडीवर पहिल्यांदा आला, तवा त्यो बसाय शिकला हुता," ती म्हणाली. "अंघोळीला त्याला कुणी घेतलं, पोट फुगलं तवा तेल कुणी लावलं, मला ठावं न्हाई. तुला भिंतीला पाठ लावून बसावं लागलं. ते दिवस इंदिरानं आनून द्यावं. देतीय का? दिलं तर मी सवता जाऊन तिचं रान खुरपून देते."

पोर झोपेत ओठ हलवत होतं. थोड्या वेळानं तुळजा खोकली आणि म्हणाली, धूर लई झालाय माय.

तानुबाईनं शेगडी पायानं जरा बाजूला सारली आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.